एका चुलीवर जेवणारी माणसे

जनगणनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ‘कुटुंब’ या शब्दाची जी व्याख्या दिलेली असते, ती प्रथम वाचली तेव्हा मी काहीसा चकित झालो होतो. तीत रक्ताच्या नात्याचा उल्लेख नाही, आडनावाचा नाही, कुळाचा वा कुलदैवताचा तर नाहीच नाही. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न खाणारी माणसे म्हणजे कुटुंब, एवढेच ती सांगते. सरकारी कागदपत्रांत सहसा न आढळणारे शहाणपण या एका वाक्यात आहे. आपल्या जुन्या भाषेत या कामाला ‘खानेसुमारी’ म्हणत. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजदाद. पुढे ‘शिरगणती’ आली, मग ‘जनगणना’. घर, मस्तक आणि माणूस असा हा शब्दांचा प्रवास आहे. मात्र प्रत्यक्ष दारात उभे राहिल्यावर प्रश्न चुलीपाशीच येऊन थांबतो.

१९९१ च्या फेब्रुवारीत पेडणे तालुक्यातील एका गावात शिक्षक या नात्याने प्रगणकाचे काम माझ्या वाट्याला आले. नदीकडच्या वाड्यावर एक मोठे चौसोपी घर होते आणि त्यात एक वृद्धा एकटीच राहत असे. मी फळीवर कागद लावून ओटीवर बसलो आणि विचारले, “आजी, घरात माणसे किती?” तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “नऊ.” चार मुलगे, तीन सुना, एक नातू आणि ती स्वतः. सारे मुंबईला. चतुर्थीला येत, देवळातल्या जत्रेला येत, आणि गेली सतरा-अठरा वर्षे हेच चालले होते. मी तिला नियम समजावून सांगितला. ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत ज्यांचा मुक्काम एकदाही येथे नाही, त्यांना येथे लिहिता येत नाही. ती म्हणाली, “मास्तर, घर त्यांचे, देव त्यांचा, शेत त्यांचे. मग ते इथले नव्हेत तर कुठले?” मी नियमाप्रमाणे ‘एक’ असे लिहिले. नियम बरोबर होता, आणि तिचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

लोकसंख्या भूगोल नावाच्या शास्त्राचा अवघा डोलारा या प्रश्नावर उभा आहे. अमेरिकन भूगोलज्ञ ग्लेन ट्रेवार्था यांनी १९५३ साली आपल्या अध्यक्षीय भाषणात, भूगोलाने डोंगर-नद्यांइतकेच माणसाकडेही पाहावे, असा आग्रह धरला आणि तेव्हापासून ही शाखा स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. तिचे मूळ सूत्र शाळकरी मुलालाही कळेल असे आहे. एखाद्या ठिकाणची लोकसंख्या तीनच कारणांनी बदलते : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. यांपैकी जन्म आणि मृत्यू या घटना निःसंदिग्ध असतात. स्थलांतराचे तसे नाही. माणूस निघाला केव्हा, पोहोचला केव्हा, आणि जेथे पोहोचला तेथला झाला केव्हा, यांतील शेवटचे उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

शास्त्राने त्यासाठी दोन उपाय योजले आहेत. एक जन्मस्थान विचारण्याचा, दुसरा शेवटचे वास्तव्य विचारण्याचा. दोन्ही आपल्या भागात कसे फसतात ते पाहण्यासारखे आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या कोरगावात राहिलेल्या घरातला थोरला मुलगा जन्मस्थानाच्या निकषाने ‘स्थलांतरित’ ठरतो, कारण त्याचा जन्म आजोळी झालेला असतो. आता बाळंतपणे म्हापशाच्या इस्पितळात होतात, तेव्हा गावची गावे कागदावर परकी होऊन बसली आहेत. सुनांचे तर बोलायलाच नको. भारतातील अंतर्गत स्थलांतरितांत सर्वांत मोठा वर्ग विवाहामुळे गाव सोडणाऱ्या स्त्रियांचा आहे, आणि तरीही ‘स्थलांतरित’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्न होऊन आलेली आपली आई कधी उभी राहत नाही.

सीमेची गंमत आणखी वेगळी. किरणपाणीच्या पलीकडे आरोंदा. मध्ये तेरेखोलचे पात्र. आरोंद्याची मुलगी या तीरावर नांदायला आली की ती ‘परराज्यातून आलेली’ होते. काणकोणहून दुसऱ्या टोकाला पेडण्यास आलेला माणूस मात्र ‘राज्यांतर्गत’ राहतो. पहिलीला माहेरच्या माडांची झावळे दिसतात, बोली तीच, देवाचा कौल लावण्याची पद्धत तीच. दुसऱ्याला गावचे अर्धे शब्द नवे वाटतात. कारण उघड आहे. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. तोवर नदी ही सीमा नव्हती, ती फक्त नदी होती. येथे माणसे हलली नाहीत, त्यांच्या पायांखालून सीमा सरकली. लोकसंख्येच्या कोष्टकात या प्रकाराला रकाना नाही.

घनतेचे तसेच. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आणि क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर; म्हणजे दर चौरस किलोमीटरला ३९४ माणसे. सर्व भारताचा आकडा तेव्हा ३८२ होता. पण या सरासरीत मुरगाव तालुक्याची चौदाशेच्या आसपासची दाटी आहे आणि सांग्याच्या अरण्यातली शंभराच्याही आतली विरळ वस्तीही आहे. पेडण्यात सुमारे तीनशे, डिचोलीत चारशेच्या थोडे वर. भूगोलज्ञ म्हणूनच लागवडीखालच्या जमिनीशी माणसांचे प्रमाण काढून वेगळी घनता सांगतात. ती डोंगर, पडीक कातळ आणि खाणींचे खड्डे वगळते. तरीही एक गोष्ट दोन्ही मोजमापांतून निसटते, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे : घनता माणसे मोजते, कुलूपबंद घरे मोजत नाही.

आपल्याविषयी सर्वांत बोलका आकडा कोणता असे मला कोणी विचारले तर मी लिंगगुणोत्तराचा सांगेन. दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया, हे ते प्रमाण. विसाव्या शतकाच्या आरंभी गोव्यात ते १०९१ होते. १९५० च्या सुमारास ११२८ झाले. हा आकडा पाहून एखादा परका अभ्यासक म्हणेल, काय हे सुसंस्कृत राज्य! खरे कारण त्या पेडण्याच्या आजीने सांगितलेच होते. पुरुष येथे नव्हते. कोणी मुंबईच्या पेढ्यांवर, गिरण्यांत, छापखान्यांत होते. कोणी आगबोटीवर, कोणी पूर्व आफ्रिकेत. गावात उरल्या त्या स्त्रिया, म्हातारे आणि मुले. मुंबईत १९१९ साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली, तीही या गर्दीच्या पोटातूनच. गावाकडच्या मनीऑर्डरींवर देवळांचे कळस चढले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो कळस चढत असताना खाली किती घरांत एकच ताट वाढले जात होते, ते सांगत नाही.

मुक्तीनंतर हे प्रमाण उलटले. १९७१ ला ९८१, २००१ ला ९६१. यातही वाचकाने घाईने निष्कर्ष काढू नये. मुलींचे प्रमाण घटले ही चिंता खरीच आहे (२०११ साली सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे ९४२ मुली होत्या), पण घसरणीचा मोठा भाग बाहेरून आलेल्या पुरुषांचा आहे. १९६० साली, पोर्तुगीज राजवटीतील शेवटच्या शिरगणतीत, गोव्याची वस्ती ५,८९,९९७ होती. १९७१ मध्ये ती ७,९५,१२० झाली. अकरा वर्षांत एकतृतीयांशाहून अधिक वाढ. इतक्या वेगाने पाळणे हलत नसतात. रस्ते, शाळा, कचेऱ्या, खाणी यांसाठी माणसे आली. त्यांतली बरीच एकटी आली, आपल्या गावी आपापली म्हातारी माणसे ठेवून. आपल्या आकड्यात जे पुरुष वाढले ते दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याच्या आकड्यात घटले असणार, आणि तेथेही कोणी तरी एक आजी प्रगणकाला ‘नऊ’ असे सांगत असणार. स्थलांतराचे नियम मांडणारा रॅवेनस्टाइन १८८५ साली लंडनमध्ये म्हणाला होता की प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. तो स्वतः फ्रँकफुर्टहून येऊन लंडनला स्थिरावलेला होता. त्याला ते कळणे साहजिक होते.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळतो. आधी आलेल्याचा हक्क नंतर आलेल्यापेक्षा मोठा असतो काय?

आपल्या मंडळींत, म्हणजे या पत्रिकेच्या वाचकांच्या घराघरांत, या प्रश्नाचे उत्तर ‘अर्थातच’ असे असते. चहाच्या कपाबरोबर ते मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि पुष्कळदा स्वतः दिलेही आहे. परंतु आपल्याच परंपरा काय सांगतात? परशुरामाने भूमी वसवली आणि शहाण्णव कुळे बाहेरून आणून स्थापली, साष्टीत सहासष्ट आणि तिसवाडीत तीस, अशी कथा आपण मुलांना सांगतो. ही येण्याची कथा आहे, असण्याची नव्हे. गावकरीचा हक्क ज्यांनी रान तोडून बांध घातले त्यांचा, हे खरे. पण त्या रानात गावडे, कुणबी, वेळीप आधीपासून होतेच. त्यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावे लागले. ‘पहिला’ कोण हे शोधत मागे जावे तर प्रत्येक पहिल्याच्या मागे आणखी एक पहिला उभा दिसतो.

आपले देवदेखील विस्थापित आहेत. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात तेथील देऊळ उद्ध्वस्त झाले आणि देव नदी ओलांडून डिचोली महालात आला. शिवछत्रपतींनी १६६८ साली त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सर्वश्रुत आहे. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा यांनी अंत्रुज महाल गाठला. देवाबरोबर भक्त आले, किंवा भक्तांबरोबर देव. ज्या गावांनी त्यांना आसरा दिला तेथे त्या वेळी कोणी तरी गावकर असतीलच. त्यांनी जागा दिली. ती कुरकुरत दिली की आनंदाने, याची नोंद नाही, पण दिली. आपल्यापैकी किती घरे त्या जागेवर उभी आहेत, याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या कुलवृत्तांतात पाहावा.

आडनावांचाही एक कानमंत्र आहे. गाव आणि ‘कर’ हे आपले आडनावाचे व्याकरण. पण सारा गाव मांद्रे असताना एखाद्याला मांद्रेकर म्हणून वेगळे ओळखायचे कारण काय? मांद्रेकर हे नाव गिरगावात अर्थपूर्ण होते, मयेकर हे मये सोडल्यावर. म्हणजे गावचे जे नाव आपण छातीवर मिरवतो, ते बहुधा ते गाव सोडून गेलेल्या कोणा पूर्वजाला परमुलखातल्या शेजाऱ्यांनी दिलेले असते.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हा प्रश्न फार उघडेपणाने पुढे आला होता. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत असावे काय? तशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. ज्यांचे वास्तव्य येथे त्यांचेच मत, असे ठरले. १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. आपल्या पेडणे-डिचोलीचा कौल दुसऱ्या बाजूचा होता, त्या जखमेची खपली मला येथे काढायची नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की जमिनीच्या भवितव्याचा निर्णय करताना जन्म नव्हे, वास्तव्य हा निकष धरला गेला, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्या निकालाखाली पुढची वर्षे काढली.

मयेची कथा याच्या उलट. गाव ज्या जमीनदाराच्या मालकीचा मानला जाई, तो मुक्तीनंतर निघून गेला आणि १९६४ च्या कायद्याखाली गावची जमीन ‘निर्वासितांची मालमत्ता’ ठरली. कसणारे, राहणारे, दिवा लावणारे सारे तेथेच होते, पण कागदावर गावचा धनी तो, जो तेथे नव्हता. मालकी रद्द करणारा कायदा विधानसभेने केला तो २०१४ साली. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एक पुरा गाव स्वतःच्या अंगणात बिगरमालक म्हणून जगला. मयेकरांना ‘तुम्ही इथले कशावरून?’ असे विचारण्याची हिंमत आज कोणी करणार नाही, आणि करू नये. पण त्यांचे उत्तर काय होते? आम्ही येथे राहतो, येथे राबतो, हेच. खाणीवर वा बांधकामावर वीस वर्षे राबलेला परप्रांतीय वेगळे काय सांगतो?

यावर आक्षेप येईल, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. लहान प्रदेश, त्याची भाषा नाजूक, जमीन थोडी. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या कातळालाही भाव आला आहे. एखाद्या गावात बाहेरच्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की ग्रामसभेची भाषा बदलते, देवळाची वहिवाट परकी वाटू लागते, ही भीती खोटी नाही. मला तीच भीती वाटते. मात्र आपण ती चुकीच्या माणसावर काढतो, असे माझे मत झाले आहे. २०११ साली गोव्यातील पाचांपैकी सुमारे एक घर रिकामे आढळले. त्यांत आपली ओस पडलेली वाडे-घरे आहेत, तशीच वर्षातून दहा दिवस उघडणारी श्रीमंतांची सदनेही आहेत. या सदनांचा मालक घनतेच्या आकड्यात कोठेच येत नाही, कारण तो येथे राहतच नाही. जमीन त्याने घेतली, विहीर त्याने आटवली. आकड्यात मात्र त्याचे कुंपण घालणारा, लादी बसवणारा, पत्र्याच्या खोपीत आठ जणांबरोबर निजणारा माणूस दिसतो, आणि ‘लोकसंख्येचा ताण’ त्याच्या नावावर मांडला जातो. माल्थसनेही १७९८ साली गरिबाच्याच पोरांची गणती केली होती. ज्याचे ताट मोठे त्याचे काही मोजले नव्हते. डिचोलीत २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा सर्वांत आधी निमूटपणे निघून गेले ते हेच खोपीतले लोक. त्यांच्या जाण्याने शिरगाव वा पाळी-वेळग्याची शेते खाणीच्या गाळातून सुटली नाहीत.

दुसरे म्हणजे, आपण उरलो किती? एका स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये असतील तर पिढीची जागा पिढी घेते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा आकडा १.३ होता. आपल्या घरांत मुले एक किंवा दोन, आणि ती पुण्याला, मस्कतला, लिस्बनला. मग म्हाताऱ्यांना पाणी कोण देणार?

हे मी तत्त्वचर्चा म्हणून विचारत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत माझी आई अंथरुणाला खिळून दोन वर्षे झाली होती. उत्तर कर्नाटकातील एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आमच्याकडे राहून तिचे सारे करी. सकाळी आईला पुसून घेणे, तिला भरवणे, मग आम्हा सर्वांबरोबर स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवणे. रात्री तिचे अंथरूण आईच्या खाटेखाली. प्रगणक आला तो माझाच जुना विद्यार्थी. त्याने माणसे विचारली. मी सांगितली : आई, मी, पत्नी आणि धाकटी मुलगी. आतून आईने क्षीण आवाजात विचारले, “नातवाचे नाव लिहिले का रे?” थोरला तेव्हा मस्कतला होता. मी म्हटले, “लिहिले.” ते खोटे होते. तेवढ्यात ती मुलगी पाणी घेऊन बाहेर आली. विद्यार्थ्याने तिच्याकडे पाहून विचारले, “सर, आणि ही?”

मी म्हणालो, “ती इथली नव्हे. तिच्या गावी लिहून घेतील.”

व्याख्या मला पाठ होती. वीस वर्षांपूर्वी एका आजीला तिच्या मुलांबद्दल मीच ती ऐकवली होती. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. पण शिष्याने गुरूला काय सांगावे? त्याने ‘चार’ लिहिले. मुलगी पेला घेऊन आत गेली. तिला मराठी चांगले समजत होते. त्या वीस दिवसांत ती आपल्या गावी गेली नव्हती, म्हणजे नियमाप्रमाणे तेथेही तिची नोंद झाली नसणार. त्या वर्षीच्या भारतात ती कोठेच नव्हती. १४,५८,५४५ या आकड्यात एक कमी आहे, आणि तो एक कोण हे मला माहीत आहे.

मी असे का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला. शिधापत्रिकेवर कोणी हक्क सांगेल अशी भीती नव्हती. जनगणनेच्या कागदाने कोणाला घर मिळत नाही. तो हिशेब नव्हता. ‘आमच्या घरात’ या दोन शब्दांनंतर तिचे नाव उच्चारायला जीभ वळली नाही, एवढेच. आई त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी गेली. शेवटचे पाणी त्या मुलीच्या हातून पडले, कारण मी औषध आणायला बाहेर गेलो होतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भदिनाला धरून ठरली आहे. आता आमच्या घरात पत्नी आणि मी, आणि बागेचे काम करणारा ओडिशाकडचा एक मुलगा. तो गेली तीन वर्षे पडवीत राहतो आणि रात्रीचे जेवण आमच्याबरोबर घेतो. या वेळी आपल्या कुटुंबाची माहिती आपणच संगणकावर भरण्याची सोयही ठेवली आहे म्हणतात. तसे झाल्यास ओटीवर बसून ‘सर, आणि हा?’ असे विचारणारे कोणी असणार नाही.